तगाई ते सन्माननिधी : शेतकऱ्याला मिळणाऱ्या सरकारी पैशाचा शब्देतिहास

शासनाकडून शेतकऱ्याला मिळणाऱ्या पैशाला मराठीत गेल्या साडेतीन शतकांत अनेक नावे लाभली. तगाई, सूट, तहकुबी, अनुदान, सबसिडी, हमीभाव, पॅकेज, कर्जमाफी, कर्जमुक्ती, सन्माननिधी ही त्यांतील ठळक नावे होत. ही नावे एकाच वस्तूचे पर्यायवाचक शब्द नव्हेत. प्रत्येक नाव देणारा आणि घेणारा यांच्यातील नाते निराळ्या रीतीने मांडते आणि घेणाऱ्याची एक प्रतिमाही घडवते. रकमांचा हिशेब अर्थशास्त्राच्या इतिहासकारांनी पुष्कळ मांडला आहे. शब्दांचा हिशेब मात्र विखुरलेलाच राहिला आहे. वास्तविक आज्ञापत्र, कायदा, कादंबरी, घोषणा आणि योजनेचे शीर्षक या पाच प्रकारच्या संहिता शेजारी ठेवून वाचल्या, तर या पैशाच्या इतिहासात एक प्रश्न सातत्याने उभा राहिलेला दिसतो. सरकार ज्याला शेतकरी म्हणून ओळखते तो नेमका कोण?

'तगाई' या शब्दापासून आरंभ करणे सोयीचे आहे. 'तकावी'चे हे मराठी उच्चारातले रूप. शब्द फारसी दप्तरातून आला असला तरी त्याचे मूळ अरबी असून 'बळ देणे' हा त्याचा धात्वर्थ आहे. मराठीतील 'कुवत' हा शब्दही त्याच धातूपासून आलेला. म्हणजे तगाई ही मूळ अर्थाने कर्जही नाही आणि दानही नाही, तर ज्याची कुवत खचली आहे त्याला ती परत देण्याची क्रिया आहे. व्यवहारात ती परतफेडीच्या अटीवर दिलेली उसनवार होती, हे खरे. परंतु नाव परतफेडीवरून न पडता परिणामावरून पडले, ही गोष्ट नजरेआड करण्याजोगी नाही.

या प्रथेचा उगम शोधू लागले की चौदाव्या शतकातील दिल्लीपर्यंत जावे लागते. मुहम्मद बिन तुघलकाने दुष्काळानंतर पडीत जमीन लागवडीखाली आणण्यासाठी मोठ्या रकमा आगाऊ वाटल्या. त्यांना 'सोंधार' म्हणत. शम्स-ए-सिराज अफीफ या इतिहासकाराच्या सांगण्याप्रमाणे पुढे फिरोजशहाने या प्रकारची दोन कोटी टंकांची बाकी सोडून दिली. कर्जमाफीची चर्चा करताना हा दाखला क्वचितच दिला जातो, आणि तो दिला तर माफी हा लोकशाहीतील मतांच्या राजकारणाचा शोध आहे, हे आवडते विधान टिकत नाही. अकबराच्या काळातील 'आईन-ए-अकबरी'तही गरजू शेतकऱ्याला आगाऊ पैसा द्यावा व तो सावकाश वसूल करावा, अशी सूचना महसुली अंमलदाराला केलेली आढळते.

मराठी भाषेतील या विषयावरची सर्वांत समृद्ध संहिता मात्र ५ सप्टेंबर १६७६ ची आहे. दक्षिण कोकणातील मामले प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना शिवाजी महाराजांनी पाठवलेले हे पत्र महसुली इतिहासात वारंवार उल्लेखिले जाते. त्यातील आशय थोडक्यात असा : सुभेदाराने कष्ट करून गावोगाव फिरावे, त्या त्या गावचे कुणबी गोळा करावेत, कोणाकडे माणूसबळ आहे पण बैल नाही, कोणाच्या पोटाला दाणा नाही, हे पाहावे, बैलासाठी रोख पैसा द्यावा, पोटासाठी खंडी दोन खंडी धान्य द्यावे, जेवढे शेत त्याच्याने होईल तेवढे करवावे, दिलेल्यावर वाढीदिढी न लावता केवळ मुद्दल हळूहळू, तो सावरत जाईल तसतसे, परत घ्यावे. या कामी दोन लाख लारीपर्यंत खर्च झाला तरी चालेल, असेही त्यात म्हटले आहे. लारी हे कोकणच्या व्यापारात चालणारे चांदीचे नाणे. एका मामल्याच्या संदर्भात ही मर्यादा लहान नव्हती.

या पत्राच्या भाषेकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. कुणबी सावरणे या अर्थी त्यात 'तवाना' आणि 'तवानगी' हे शब्द येतात. हे शब्द फारसी असून त्यांचा अर्थही समर्थ, बळ असलेला असाच आहे. अरबी 'तकावी' आणि फारसी 'तवानगी' हे दोन्ही शब्द एकाच कल्पनेकडे बोट दाखवतात. मदतीचा शेवट केव्हा, तर माणसाला तवानगी आली म्हणजे. मुदतीची तारीख नाही, हप्त्यांची संख्या नाही. परतफेडीचे वेळापत्रक घेणाऱ्याच्या प्रकृतीवर सोपवलेले आहे. दुसरे असे की, या पत्रातील मुख्य क्रियापद 'देणे' हे नसून 'फिरणे' हे आहे. अर्ज करून कचेरीत येण्याची जबाबदारी कुणब्यावर नाही. त्याला शोधत जाण्याची जबाबदारी सुभेदारावर आहे. आणि हे औदार्य निरपेक्ष आहे असा आव पत्र कोठेही आणत नाही. पडीत जमीन लागवडीस येऊन दस्त वाढावा, हा हेतू स्वच्छ शब्दांत सांगितला आहे. उत्तरकालीन चरित्रग्रंथांत या पत्राचे जे केवळ कनवाळूपणाचे वाचन झाले, त्यात ही अर्धी बाजू गळते. पत्राचे मोठेपण राज्याचे हित आणि कुणब्याचे हित ही दोन्ही एकाच वाक्यात उघडपणे बांधण्यात आहे.

त्यानंतरच्या मराठी अंमलात तगाईबरोबरच कौल आणि इस्तावा यांची जोड दिसते. पडीत जमिनीवर पहिली काही वर्षे हलका सारा, मग क्रमाने चढता, असा हा इस्तावा. रोख पैसा हातात देणे आणि घ्यावयाचा पैसा न घेणे या दोन गोष्टींमध्ये जुन्या दप्तराने फारसा भेद केला नाही. आजच्या अर्थसंकल्पात अनुदान हा खर्च आणि करसवलत हा सोडलेला महसूल अशी दोन खाती असतात; जुन्या कारकुनाला दोन्ही मिळून रयतेची एकच 'रियायत' दिसत असावी.

इंग्रजी अमदानीत शब्द तोच राहिला, व्यवहार बदलला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तगाईला कायद्याची चौकट मिळाली : विहिरी, बांधबंदिस्ती, जमीनसुधारणा यांसाठी १८८३ चा जमीनसुधारणा कर्ज कायदा आणि बी-बियाणे, बैल, आपत्तीनिवारण यांसाठी १८८४ चा शेतकरी कर्ज कायदा. या दोन्ही कायद्यांखालील थकबाकी जमीनमहसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येत असे. म्हणजे सावकाराला जे दिवाणी कोर्टात जाऊन मिळवावे लागे, ते सरकारला मामलेदाराच्या हुकमाने मिळे. १६७६ च्या पत्रातील 'हळूहळू' हे क्रियाविशेषण येथे कायद्याने रद्द झाले, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

या कायद्यांच्या पार्श्वभूमीला १८७५ चे दख्खनचे दंगे होते. त्या वर्षीच्या मे महिन्यात सुपे येथून सुरू झालेल्या उठावात पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांकडील खते, रोखे ताब्यात घेऊन जाळले. माणसांपेक्षा कागदावर राग काढणारा हा उठाव अक्षरशत्रू रयतेने लिखित संहितेवर केलेला हल्ला म्हणूनही वाचता येतो. त्यातून चौकशी आयोग आणि १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. विल्यम वेडरबर्न यांनी पुरंदर तालुक्यात शेतकी पेढी काढण्याची योजना पुढे आणली. तिला लंडनहून संमती मिळाली नाही. सहकारी पतपेढ्यांचा कायदा होण्यास १९०४ साल उजाडावे लागले.

जमीनसुधारणा कर्ज कायदा ज्या वर्षी झाला त्याच १८८३ साली जोतीराव फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पूर्ण केला. हा योगायोग असला तरी अर्थपूर्ण आहे. पहिली दोन प्रकरणे 'दीनबंधु'त आली आणि मग छापणे थांबले, हा त्या ग्रंथाच्या प्रकाशनाचा इतिहासच त्यातील धगीचा पुरावा आहे. असूडातील मागणी रोख रकमेची नाही, हे येथे मुद्दाम नोंदवण्याजोगे आहे. फौजेतल्या आणि पोलिसांतल्या माणसांकडून बांधबंदिस्ती करवून घ्यावी, जेणेकरून डोंगरउतारावरचा पाला-गाळ शेतात मुरेल. पाण्याचे झरे शोधावेत. जनावरांची चांगली वाण आणावी. शेतकीची प्रदर्शने भरवून बक्षिसे द्यावीत. शेतकऱ्यांच्या मुलांना शिकवावे, असा त्यांचा रोख आहे. फुल्यांना सरकारकडून पैसा नको, पैशाच्या जागी बळ हवे आहे. हीच तर तगाईची जुनी व्याख्या. मधल्या कचेरीतील माणूस तो पैसा शेतकऱ्यापर्यंत पोहोचू देणार नाही, ही त्यांची खात्री या मागण्यांमागे आहे. कलेक्टरच्या तंबूवर गाऱ्हाणे घेऊन गेलेला आणि तेथून स्वतःशीच बोलत परतणारा कुणबी या ग्रंथात येतो. मराठी गद्यातील पहिल्या प्रभावी स्वगतांत त्याची गणना व्हावयास हरकत नाही. हे स्वगत जन्मते ते ऐकणारे कोणी नसल्यामुळे. गावोगाव फिरणारा सुभेदार आता तंबूत बसला आहे आणि फिरण्याचे काम कुणब्याकडे आले आहे.

येथे अन्य भारतीय भाषांतील कथात्म साहित्याशी तुलना केली असता एक फरक जाणवतो. फकीरमोहन सेनापती यांच्या 'छ माण आठ गुंठ' या ओडिया कादंबरीत (१८९७-९९ मध्ये क्रमशः प्रसिद्ध) विणकर दांपत्याची जमीन गिळणारा आहे तो मंगराज हा जमीनदार. प्रेमचंदांच्या 'गोदान'मध्ये (१९३६) होरीला वेढणाऱ्या मंडळींत रायसाहेब आहेत, गावातले अनेक सावकार आहेत. सरकार दिसते ते पटवारी आणि ठाणेदार यांच्या रूपाने. जमीनदारी मुलखात शेतकरी आणि सरकार यांच्या मध्ये एक देहधारी माणूस उभा होता, त्यामुळे कथेला खलपुरुष आयताच मिळाला. रवींद्रनाथ ठाकूर यांनी १९०५ मध्ये पतिसर येथे शेतकरी बँक काढली आणि नोबेल पुरस्काराची रक्कम तिच्यात गुंतवली, तीही जमीनदार या नात्याने. रयतवारीच्या दख्खनमध्ये मात्र जमीनदार म्हणजे सरकारच. म्हणून मराठी ग्रामीण साहित्यात 'सरकार' हे एक चेहरा नसलेले, कागदातून बोलणारे पात्र होऊन बसते. तलाठी, मामलेदार, पुढे ग्रामसेवक आणि गटविकास अधिकारी ही त्या अदृश्य पात्राची तोंडे. विनोदी ग्रामीण कथेतील साहेब आणि गावकरी यांच्यातील सगळा खेळ या रचनेवर उभा आहे.

स्वातंत्र्यानंतर अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी समितीने १९५१-५२ साठी जे चित्र गोळा केले आणि १९५४ मध्ये प्रसिद्ध केले, त्याने तगाईच्या कीर्तीला धक्का दिला. ए. डी. गोरवाला या समितीचे अध्यक्ष होते आणि धनंजयराव गाडगीळ एक सदस्य. शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सरकारचा वाटा ३.३ टक्के आणि सहकारी संस्थांचा ३.१ टक्के निघाला. शतकाहून अधिक काळ चाललेल्या चर्चेचा, आयोगांचा आणि कायद्यांचा हा निव्वळ शिल्लक आकडा. रक्कम अपुरी, मंजुरीला विलंब, तारणाचा आग्रह, वसुली अवेळी, हे दोष समितीने परखडपणे मांडले. त्यानंतर तगाई हा शब्द हळूहळू मागे पडला आणि त्याची जागा सहकारी सोसायटीच्या पीककर्जाने घेतली. बोलीत तो रेंगाळला, पण योजनेच्या शीर्षकात पुन्हा आला नाही.

याच सुमारास आणखी एका शब्दाचा अर्थ पालटत होता. जुन्या दप्तरात 'कूळ' म्हणजे सारा भरणारे कुटुंब; राज्य ज्याच्याशी व्यवहार करते ते. १९४८ च्या मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन कायद्यानंतर 'कूळ' म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा, असा अर्थ रूढ झाला. १ एप्रिल १९५७ या कृषकदिनाने अनेक कुळांना मालक केले, ही त्या कायद्याची मोठी कामगिरी. पण कूळ लागेल या धास्तीने पुढची वाटेकरी आणि खंडाची लागवड तोंडी झाली, कागदावरून नाहीशी झाली. ज्या शब्दाने एकेकाळी राज्याचा पहिला भागीदार दाखवला जाई, तो शब्द आता सात-बाराच्या इतर हक्कांच्या रकान्यात, आणि पुष्कळदा त्याही बाहेर, गेला. या बदलाची किंमत साठ वर्षांनी कशी मोजावी लागली, ते पुढे पाहावयाचे आहे.

१९६५ च्या जानेवारीत अन्न महामंडळ आणि कृषी मूल्य आयोग स्थापन झाले आणि सरकारी साहाय्याचे मुख्य रूप 'भाव' हे झाले. १९७७ च्या नोव्हेंबरपासून खतांच्या कारखान्यांना धारण-किंमत योजनेखाली भरपाई मिळू लागली. अनेक राज्यांत शेतीची वीज सवलतीत मिळू लागली. यांपैकी बराचसा पैसा शेतकऱ्याच्या हाती कधी येतच नाही. तो कारखान्याला, वीज मंडळाला, महामंडळाला जातो आणि शेतकऱ्याच्या नावे लिहिला जातो. 'सबसिडी' हा इंग्रजी शब्द मराठी बोलीत ठाम बसला तो या काळात.

या शब्दाचे चरित्र विलक्षण आहे. लॅटिनमध्ये त्याचा मूळ अर्थ लढाईत मागे राखून ठेवलेली फौज, म्हणजे आपल्याकडची 'कुमक'. मराठी अनुवादकांनी तोच शब्द उचलला असता, तर अर्थाशी इमान राखले गेले असते. पण शासकीय मराठीने 'अनुदान' आणि 'अर्थसाहाय्य' पसंत केले. आणखी गमतीची गोष्ट अशी की, मध्ययुगीन आणि त्यानंतरच्या इंग्लंडमध्ये सबसिडी म्हणजे पार्लमेंटने राजाला मंजूर केलेला कर. प्रजेकडून राजाकडे जाणारा पैसा दर्शविणारा शब्द पुढे उलट्या दिशेने वाहू लागला.

शरद जोशी यांनी नेमकी ही दिशाच वादात आणली. शेतकरी संघटनेच्या १९८० च्या ऊस-कांदा आंदोलनातून गाजलेली 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा शब्देतिहासाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. चार-सहा शब्दांत तिने अनुदानाला भीक म्हटले आणि भावाला दाम. फुल्यांना कचेरीबद्दल जो अविश्वास होता त्याचेच हे अर्थशास्त्रीय रूपांतर होय. निर्यातबंदी, लेव्ही, साठ्यांवरील मर्यादा यांमुळे शेतमालाचा भाव जागतिक भावाखाली दाबला जातो. म्हणजे सरकार शेतकऱ्याला देत नसून त्याच्याकडून घेत आहे, हा त्यांचा सिद्धान्त. १९९४ च्या माराकेश करारानंतर भारताने जागतिक व्यापार संघटनेला १९८६-८८ च्या आधारवर्षांचे जे आकडे कळवले, त्यांत पीकनिहाय आधार उणे निघाला. जोशी आणि त्यांच्या अनुयायांच्या लेखनात 'उणे सबसिडी' हे पद याच पुराव्यावर उभे राहिले. या आकडेमोडीची पद्धत, विशेषतः परदेशी भाव आणि विनिमय दर यांची निवड, वादग्रस्त आहे. आणि खत-विजेची सवलत मिळणारा बागायतदार व ती न मिळणारा कोरडवाहू शेतकरी यांच्यातला भेद 'शेतकरी तितुका एक' या भूमिकेत बुजतो, हा आक्षेपही वजनदार आहे. तरीही इंग्रजांच्या काळापासून 'मदत' या एका शब्दाभोवती फिरणाऱ्या मराठी शेतीचर्चेला 'देणे कोणाचे कोणाकडे' हा प्रश्न विचारायला लावण्याचे श्रेय या चळवळीचेच आहे.

अमेरिकेचा दाखला या संदर्भात वारंवार दिला जातो, तेव्हा त्याचा साहित्यिक ठसाही लक्षात घेणे इष्ट. १२ मे १९३३ च्या शेती समायोजन कायद्याने पीक कमी घेण्याबद्दल पैसे देण्यास सुरुवात झाली. दक्षिणेकडील कापूसपट्ट्यात ते मुख्यतः जमीनमालकाला मिळाले आणि पेरा घटल्यामुळे नको झालेली कुळे, वाटेकरी हुसकावले गेले. १९३४ मध्ये आर्कान्सामध्ये उभी राहिलेली दक्षिणी कुळांची संघटना ही त्याची प्रतिक्रिया. जॉन स्टाइनबेकच्या 'द ग्रेप्स ऑफ रॉथ'मधील (१९३९) कुळे ओक्लाहोमाची. त्यांच्या विस्थापनामागे दुष्काळ, ट्रॅक्टर, बँका आणि हे भरपाईचे पैसे अशी कारणे एकत्र गुंतलेली होती. जोसेफ हेलरच्या 'कॅच-२२'मध्ये (१९६१) लसूणघास न पिकवण्याबद्दल सरकारकडून पैसे घेणारा आणि त्या पैशातून आणखी जमीन घेऊन आणखी न पिकवणारा शेतकरी येतो. इतरांना मिळणाऱ्या सरकारी मदतीला त्याचा कडवा विरोध असतो. मराठीत असा घेणाऱ्यावर उलटलेला उपहास सहसा सापडत नाही. मराठी लेखकाचा उपहास कचेरीवर रोखलेला असतो, घेणाऱ्यावर नव्हे. कारण घेणाऱ्याच्या पदरी काही पडले आहे, यावरच त्याचा विश्वास बसलेला नसतो. सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'मधील (२००२) एकनाथाच्या घरची ओढाताण वाचताना हा अविश्वास ध्यानात येतो.

विदर्भातील आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर १ जुलै २००६ रोजी सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर झाली आणि 'पॅकेज' हा शब्द गावच्या पारावर पोहोचला. २००८ च्या केंद्रीय कर्जमाफीत दोन हेक्टरांपर्यंतच्या शेतकऱ्याला पूर्ण माफी होती. त्याहून अधिक जमीन असणाऱ्याला उरलेले कर्ज फेडल्यास २५ टक्के सूट. कोरडवाहू विदर्भात दोन हेक्टरांहून अधिक जमीन असणे हे सुस्थितीचे लक्षण नव्हे, ही तक्रार तेव्हा सर्वत्र झाली. 'अल्पभूधारक' हा शब्द जमिनीचे क्षेत्र मोजतो, तिची कुवत मोजत नाही.

पुढच्या दोन राज्य योजनांची नावे विशेष लक्षणीय आहेत. जून २०१७ मध्ये जाहीर झालेली 'छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना' आणि डिसेंबर २०१९ मधील 'महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना'. पहिलीत दीड लाखापर्यंतचे, दुसरीत दोन लाखांपर्यंतचे थकीत कर्ज माफ करण्याची तरतूद होती. ज्यांच्या पत्रात मुद्दल परत घेण्याची स्पष्ट सूचना आहे त्यांचे नाव मुद्दल सोडून देणाऱ्या योजनेला, आणि ज्यांच्या ग्रंथात रोख रकमेची मागणी नाही त्यांचे नाव रोख मुक्तीच्या योजनेला दिले गेले. नामकरण करणाऱ्यांनी मूळ संहिता वाचल्या नसाव्यात, असे म्हणणे सोपे आहे. त्याहून रास्त असे म्हणता येईल की नावे येथे उद्धरणाचे काम करत नसून आवाहनाचे करतात. 'माफी'त गुन्ह्याची छटा आहे म्हणून 'मुक्ती', आणि 'साहाय्या'त दैन्याची छटा आहे म्हणून 'सन्मान', हा बदल शेतकरी चळवळीने भाषेवर मिळवलेला विजय आहे. 'भीक नको' हे सरकारने ऐकले. मात्र उत्तरात दाम वाढवण्याऐवजी देण्याचे नाव बदलले.

२०१८ नंतर थेट खात्यात रक्कम देणाऱ्या योजनांची मालिकाच आली. तेलंगणाने मे २०१८ मध्ये 'रैतु बंधु' सुरू केली. एकरी, हंगामी चार हजार रुपये. तेलुगू 'रैतु' म्हणजे आपली 'रयत'. अरबीत या शब्दाचा मूळ अर्थ राखणदाराच्या देखरेखीखालचा कळप. त्याला 'बंधु' हे संस्कृत पद जोडल्याने राजा-प्रजा नात्यावर भाऊबंदकीचे कलम झाले. ओडिशाच्या योजनेचे इंग्रजी आद्याक्षरांचे नाव 'कालिया' असे जुळवले होते, आणि कालिया हे जगन्नाथाचे ओडिया माणसाच्या तोंडचे लाडके नाव. २०२४ मध्ये सत्तांतरानंतर तिच्या जागी 'सीएम किसान' आली. बंगालमध्ये 'कृषक बंधु', आंध्रात 'रैतु भरोसा'. केंद्राची 'प्रधानमंत्री किसान सन्मान निधी' १ फेब्रुवारी २०१९ च्या अंतरिम अर्थसंकल्पात जाहीर झाली : वर्षाला सहा हजार रुपये, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत. महाराष्ट्राने २०२३ मध्ये 'नमो शेतकरी महासन्मान निधी'द्वारे आणखी सहा हजारांची भर घातली. सरकारी कागदांत या सर्वांना घेणारा 'लाभार्थी'. विद्यार्थी, शरणार्थी यांच्याच घडणीचा हा शब्द. त्यातील 'अर्थी' मागणारा असतो. शीर्षकात सन्मान आणि यादीत याचना, असा हा एका कागदावरचा अंतर्विरोध आहे.

या योजनांतील खरा भेद नावात नसून यादीत आहे. सन्मान निधीसाठी शेतकरी म्हणजे जमिनीच्या अभिलेखात ज्याचे नाव आहे असे कुटुंब. तेलंगणाची 'रैतु बंधु'ही मालकालाच मिळे. खंडकरी तीबाहेर राहिला. ओडिशाने वाटेकरी आणि भूमिहीन यांना सामावून घेतले, बंगालने नोंद असलेल्या बर्गादारांना, आंध्राने मागास समूहांतील खंडकऱ्यांना. बंगालला ते शक्य झाले, कारण १९७८ पासूनच्या 'ऑपरेशन बर्गा'ने वाटेकऱ्याचे नाव कागदावर आणून ठेवले होते. महाराष्ट्रात १९५७ नंतर जी लागवड तोंडी झाली, तिचा मोबदला येथे चुकवावा लागला. डॉ. स्वामिनाथन यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाच्या शिफारशींवर आधारलेल्या २००७ च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणाने कुळे, वाटेकरी, शेतमजूर, मच्छीमार, मेंढपाळ अशा सर्वांना 'शेतकरी' या व्याख्येत घेतले होते. ती व्याख्या धोरणातच राहिली. नवऱ्याच्या नावच्या रानात आयुष्य काढणारी बाई शेती करते, पण सात-बारावर नाव नसल्याने यादीत ती शेतकरी नसते. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'तील (१९५५) मेंढपाळांची वाडी दुष्काळात ओस पडते. त्या वाडीतील किती जणांना आजच्या निकषांनी 'किसान' म्हणवून घेता आले असते, हा प्रश्न कादंबरीच्या काळाबाहेरचा असला तरी गैरलागू नाही.

कागद आणि कसणारा यांतील अंतराचा एक अलीकडचा दाखला कांद्याचा आहे. भाव कोसळल्यावर मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने क्विंटलला ३५० रुपये, कमाल २०० क्विंटलपर्यंत, असे अनुदान जाहीर केले. बाजार समितीतील विक्रीची पावती हा पुरावा पुरेसा धरला नव्हता. सात-बारावर कांद्याच्या पेऱ्याची नोंदही हवी होती. ही नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून ई-पीक पाहणीत करावयाची अशी व्यवस्था ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर लागू झाली होती. पूर्वी पीक पाहण्यासाठी तलाठी बांधावर येणे अपेक्षित असे. आता बांधावर उभे राहून छायाचित्र काढून पाठवण्याचे काम शेतकऱ्याचे झाले. अनेकांनी ते केलेले नव्हते. कांदा पिकला होता, विकला गेला होता, पावती हातात होती, आणि सात-बाऱ्यावरचा पेऱ्याचा रकाना कोरा होता. ही अट पुढे शिथिल करावी लागली. ज्यांनी नोंद केली नव्हती त्यांच्या पेऱ्याची खातरजमा करण्याचे काम गावपातळीवरील कर्मचाऱ्यांवर आले, आणि त्यासाठी त्यांना गावात फिरावे लागले.